छापील लवचीक ऑरगॅनिक इलेक्ट्रॉनिक्स: सांधे आणि कॉन्टॅक्ट सुधारण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूरकडच्या कॉलेजांत प्लॅस्टिकच्या शीटवर ट्रान्झिस्टर, सेन्सर किंवा सौर पेशी छापणारे विद्यार्थी, आणि त्यांना चांदीची शाई छापून देणारे स्क्रीन प्रिंटर यांच्यासाठी हे पान आहे. इथली हवा आणि इथलं पाणी धरूनच उत्तरं दिली आहेत.

शाई चांगली आहे, सेमीकंडक्टर नावाजलेला आहे, तरी ट्रान्झिस्टरमधून करंट येत नाही. दोष कुठे शोधायचा?

सेमीकंडक्टर बदलण्याआधी सांधे, म्हणजे दोन मटेरियल एकमेकांना भेटतात त्या जागा, तपासा. ट्रान्झिस्टरमध्ये करंट सोर्समधून शिरतो, ड्रेनमधून बाहेर पडतो आणि गेट तो कमी-जास्त करतो. चार्जला सोर्सच्या धातूतून सेमीकंडक्टरमध्ये शिरावं लागतं, मग गेटच्या इन्सुलेटरला लागून असलेल्या अवघ्या दोन-तीन नॅनोमीटरच्या थरातून, म्हणजे चॅनेलमधून, वाहावं लागतं, आणि शेवटी ड्रेनच्या धातूत उतरावं लागतं. मटेरियलची मोबिलिटी, म्हणजे त्यात चार्ज किती सहज सरकतो, यातल्या फक्त मधल्या टप्प्यात कामाला येते. बाकीचं सगळं सांध्यांवर ठरतं.

पॉलिअॅसिटिलीन वीज वाहू शकतं हे 1977 मध्ये दिसलं आणि 2000 साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हापासून सेमीकंडक्टर खूप सुधारले. मोबिलिटी दहापट वाढली की चॅनेलचा रेझिस्टन्स दहापट घटतो, सांध्याचा मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणजे मटेरियल जितकं चांगलं, तितका सांधा जास्त नडतो. महागडी शाई आणूनही करंट न वाढण्याचं हेच सर्वात मोठं कारण आहे.

पहिली ओळख आउटपुट ग्राफवरून पटते. ड्रेन व्होल्टेज शून्याजवळ असताना रेषा सरळ न चढता आधी चपटी राहून मग वर वळत असेल, म्हणजे इंग्रजी एससारखी दिसत असेल, तर धातू आणि सेमीकंडक्टर यांच्यात बॅरियर, म्हणजे चार्जला अडवणारी पायरी, आहे. रेषा सरळ आहे पण जाताना एक आणि येताना दुसरी वाट धरते, तर इन्सुलेटरच्या पृष्ठभागावर ट्रॅप, म्हणजे चार्ज पकडून ठेवणाऱ्या जागा, आहेत. गेटचा लीकेज करंट ड्रेन करंटच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त असेल तर त्या ग्राफवरून काहीच निष्कर्ष काढू नका, आधी इन्सुलेटर नीट करा.

कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स मोजायचा कसा? आमच्याकडे महाग उपकरणं नाहीत.

यासाठी ट्रान्सफर लाइन पद्धत पुरते. एकाच शीटवर, एकाच रुंदीचे पण वेगवेगळ्या लांबीच्या चॅनेलचे ट्रान्झिस्टर छापा. लांबी 20, 50, 100 आणि 200 मायक्रॉन ठेवा. प्रत्येक लांबीचे किमान पाच नमुने हवेत, कारण छपाईत नमुन्या-नमुन्यांत फरक पडतोच. ड्रेन व्होल्टेज छोटं ठेवा, उदाहरणार्थ 1 ते 2 व्होल्ट, आणि एकूण रेझिस्टन्स काढा. त्याला रुंदीने गुणा आणि लांबीसमोर मांडा. रेषा शून्य लांबीवर जिथे उभा अक्ष छेदते, तो आकडा म्हणजे सोर्स आणि ड्रेन दोन्हींचा मिळून कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स.

एक हिशेब करून बघू. समजा रुंदी 1 मिमी, म्हणजे 0.1 सेंमी आहे. एकूण रेझिस्टन्स 20 मायक्रॉनला 800 किलोओहम, 50 ला 1.4 मेगाओहम, 100 ला 2.4 मेगाओहम आणि 200 ला 4.4 मेगाओहम आला. रुंदीने गुणल्यावर 80, 140, 240 आणि 440 किलोओहम-सेंमी मिळतात. दर मायक्रॉनला 2 किलोओहम-सेंमी चढ आहे, म्हणून शून्य लांबीवर 40 उरतात. आता 20 मायक्रॉनच्या ट्रान्झिस्टरकडे बघा. त्याच्या 80 पैकी 40, म्हणजे निम्मा रेझिस्टन्स निव्वळ सांध्यात अडकलाय. इन्सुलेटरची कपॅसिटन्स चौरस सेंमीला 10 नॅनोफॅरड आणि थ्रेशोल्डच्या (ज्या गेट व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होतो त्याच्या) वर 30 व्होल्ट धरले, तर याच चढावरून खरी मोबिलिटी व्होल्ट-सेकंदाला 0.17 चौरस सेंमीच्या आसपास येते. पण 20 मायक्रॉनचा एकटा नमुना मोजणाऱ्याला 0.08 दिसेल आणि तो म्हणेल सेमीकंडक्टर खराब आहे. 200 मायक्रॉनवर हीच चूक फक्त 9 टक्के राहते.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली: सगळे नमुने एकाच गेट व्होल्टेजवर मोजले जातात. प्रत्येक नमुन्याचं थ्रेशोल्ड वेगळं असतं, म्हणून थ्रेशोल्डच्या वर सारखेच व्होल्ट ठेवून तुलना करा. दुसरी: चॅनेलची लांबी डिझाइनमधली धरली जाते. छापल्यावर शाई पसरते आणि 20 चे 12 मायक्रॉन होतात. मायक्रोस्कोपखाली स्केल लावून खरी लांबी मोजा. तिसरी: सेमीकंडक्टर सगळ्या शीटवर पसरलेला असतो, त्यामुळे करंट कडेनेही वाहतो आणि आकडे फुगतात. एकतर सेमीकंडक्टर चॅनेलपुरताच छापा, किंवा टाचणीच्या टोकाने भोवती रेघ ओढून तो तोडा. आणि मोजताना झाकण ठेवा, उजेडाने करंट बदलतो.

छापील सांध्यांसाठी काही किलोओहम-सेंमी हा आकडा समाधानकारक मानायला हरकत नाही. 50 च्या वर असेल तर आधी सांध्यावरच काम करा.

चांदीच्या इलेक्ट्रोडवर बॅरियर येतो कशामुळे आणि कमी कसा करायचा?

चांदीचं वर्क फंक्शन, म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, 4.3 ते 4.7 इलेक्ट्रॉन व्होल्ट असतं, आणि पी3एचटीसारख्या पी-टाइप पॉलिमरची होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली पॉझिटिव्ह जागा) वाहणारी पातळी 5.0 च्या आसपास. होलला ही पायरी चढावी लागते. सोनं घ्या, 5.1 आहे, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण तो आकडा स्वच्छ, व्हॅक्यूममधल्या सोन्याचा. हवेत ठेवलेलं सोनं 4.7 ते 4.8 वर येतं, आणि वर ऑरगॅनिक थर बसला की धातूच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन आत दाबले जाऊन आणखी उतरतं. त्यामुळे नुसती वजाबाकी करून सांधा कसा असेल हे सांगता येत नाही.

छापील चांदीत आणखी एक अडचण असते. नॅनोकण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर अमाइन किंवा कार्बोक्झिलेटचं आवरण दिलेलं असतं. कमी भाजलं तर ते पृष्ठभागावर उरतं आणि इन्सुलेटरसारखं वागतं.

स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे पेंटाफ्लोरोबेंझिनथायॉल, ज्याला सगळे पीएफबीटी म्हणतात. त्याचे रेणू गंधकाच्या बाजूने चांदीला घट्ट चिकटतात आणि फ्लोरिनची बाजू बाहेर राहते, त्यामुळे वर्क फंक्शन 5 च्या वर जातं. कृती अशी:

1. छापलेली आणि पूर्ण भाजलेली चांदी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुवा, कोरड्या नायट्रोजनने फुंका.
2. यूव्ही-ओझोनमध्ये एक ते दोन मिनिटं ठेवा. जास्त ठेवलं तर चांदी काळवंडते.
3. 50 मिली निर्जल इथेनॉलमध्ये 67 मायक्रोलिटर, म्हणजे 100 मिलिग्रॅम पीएफबीटी घाला. हे 10 मिलिमोलर झालं. द्रावण त्याच दिवशी वापरा.
4. शीट पाच मिनिटं बुडवा. सोन्याला तासभर चालतं, चांदीला नाही. चांदीवर जास्त वेळ ठेवलं की थायॉल धातूशी पुढे रिअॅक्ट होत राहतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो.
5. ताज्या इथेनॉलने दोनदा धुवा. हे टाळू नका, न चिकटलेला थायॉल वाळून स्फटिक होतो आणि त्यावरचा थर फाटतो.
6. 60 अंशावर दोन-तीन मिनिटं वाळवून लगेच सेमीकंडक्टर छापा.

सगळं काम फ्यूम हूडखाली करा, हातात नायट्राइलचे मोजे घाला. वास फार उग्र असतो आणि कपड्यांत राहतो.

जमलंय का हे पाण्याच्या थेंबाने तपासता येतं. साध्या स्वच्छ चांदीवर थेंब पसरतो, पीएफबीटीनंतर तो उभा राहतो. मोबाइलने बाजूने फोटो काढून आधीचा आणि नंतरचा शेजारी ठेवा.

एन-टाइपसाठी (इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या सेमीकंडक्टरसाठी) किंवा सौर पेशीच्या इलेक्ट्रॉन बाजूसाठी हेच चालेल का?

नाही, तिथे उलटं हवं, वर्क फंक्शन खाली आणायचं. पीईआयई नावाचं पॉलिमर यासाठी वापरतात. 2012 मध्ये जॉर्जिया टेकच्या गटाने दाखवलं, की याचा दहा नॅनोमीटरच्या आतला थर चांदी, आयटीओ (पारदर्शक वाहक ऑक्साइड), इतकंच काय पेडॉट-पीएसएस या वाहक पॉलिमरचंही वर्क फंक्शन जवळपास 1 इलेक्ट्रॉन व्होल्टने उतरवतो आणि हवेत टिकतो.

बाजारात ते पाण्यातलं 37 टक्क्यांच्या आसपासचं दाट द्रावण म्हणून मिळतं. त्यातलं 1 ग्रॅम घेऊन एकूण वजन 92.5 ग्रॅम होईल इतकं पातळ केलं की 0.4 टक्के द्रावण तयार. मूळ कृतीत मेथॉक्सीइथेनॉल होतं, पण ते प्रजननाला घातक आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा. मिनिटाला 5000 फेऱ्यांवर मिनिटभर स्पिन, मग 100 अंशावर दहा मिनिटं. पीईआयई स्वतः इन्सुलेटर आहे हे विसरू नका. थर जाड झाला की फायदा जाऊन तोटा सुरू होतो, म्हणून घट्ट द्रावण म्हणजे जास्त परिणाम असा हिशेब इथे चालत नाही.

चांदी सोडून सरळ पेडॉट-पीएसएसचे इलेक्ट्रोड छापले तर?

पी-टाइपसाठी उत्तम. वर्क फंक्शन 5.0 ते 5.2, आणि ऑरगॅनिकवर ऑरगॅनिक बसतं त्यामुळे सांधा मऊ होतो. पण ग्रेड बघून घ्या. सौर पेशीच्या मधल्या थराचा ग्रेड, ज्यात पीएसएस पेडॉटच्या सहापट असतं, इलेक्ट्रोडसाठी निरुपयोगी आहे. जास्त वाहक ग्रेडमध्ये आकारमानाने 5 टक्के डीएमएसओ किंवा इथिलीन ग्लायकॉल घातलं की वाहकता 1 सिमेन्स प्रति सेंमीवरून काहीशेवर जाते. पाण्यात विरघळू नये म्हणून 1 टक्का जीओपीएस हा क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा पदार्थ) घाला, पीव्हीडीएफच्या 0.45 मायक्रॉन फिल्टरमधून गाळा आणि 120 ते 140 अंशावर 20 मिनिटं भाजा.

लांब तारा मात्र त्याच्याच करू नका. चांगल्या चांदीशी तुलना केली तर तो शेकडो पटींनी कमी वाहक आहे. चांदीची तार आणि टोकाला पेडॉटचं बोट, अशी जोडी ठेवा. जिथे दोन्ही एकमेकांवर चढतात तिथे निदान 200 ते 300 मायक्रॉन ओव्हरलॅप द्या. पेडॉटचा पीएच 1 ते 2 असतो आणि तो ओलावा ओढतो, म्हणून तो चांदीवर फार पसरवू नका आणि पावसाळ्यात झाकल्याशिवाय ठेवू नका.

इन्सुलेटर आणि सेमीकंडक्टर यांच्यातल्या सांध्यात काय बिघडतं?

मुख्य गुन्हेगार हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी). 2005 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की सिलिकॉन ऑक्साइडवरचे हे गट इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात, आणि हायड्रॉक्सिल नसलेला इन्सुलेटर दिला की ज्यांना पी-टाइप समजलं जायचं अशा बऱ्याच पॉलिमरमधून इलेक्ट्रॉनही वाहतात. प्लॅस्टिकवर सगळेजण वापरतात ते पॉलिव्हिनाइलफिनॉल, आणि त्यातही हेच गट असतात. मेलामाइन क्रॉसलिंकर पुरेसा घालून, शीटला झेपेल तितकं नीट भाजलं तर ते बरेचसे बांधले जातात. अर्धवट भाजलं तर जाता-येता ग्राफ वेगळा दिसणारच.

पीएमएमए आणि सायटॉप (फ्लोरिन असलेलं पॉलिमर) या इन्सुलेटरांत हे गट नसतात, ते जास्त सरळ वागतात. सायटॉपवर मात्र काहीच नीट पसरत नाही, कारण त्याची पृष्ठऊर्जा मीटरला 19 मिलिन्यूटनच्या आसपास आहे. म्हणून तो टॉप-गेट रचनेत, म्हणजे सेमीकंडक्टरच्या वर ओतायला बरा. छापील कामासाठी टॉप-गेट, बॉटम-कॉन्टॅक्ट ही रचना आम्ही आवर्जून सुचवतो. त्यात गेटचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रोडच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत पोचतं, चार्ज नुसत्या कडेतून न शिरता मोठ्या भागातून शिरतो, आणि कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स आपोआप घटतो. वर सेमीकंडक्टर झाकलाही जातो.

सरावासाठी सिलिकॉनच्या तुकड्यावर ओटीएस या सिलेनचा थर देणाऱ्यांसाठी एक सूचना. ओटीएस ओलाव्याशी लगेच रिअॅक्ट होतो. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्यावर केलं तर टोल्युइन धुरकट होतं आणि तुकड्यावर पांढरे गोळे बसतात. ते काम ग्लोव्ह बॉक्समध्ये करा, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका.

शीट कोणती घ्यायची आणि कशी तयार करायची?

पीईटी स्वस्त आहे, पण साधी पीईटी 150 अंशावर अर्धा तास ठेवली तर 1 टक्क्याच्या आसपास आक्रसते. 300 मिमीच्या शीटवर हे 3 मिमी झालं, दुसऱ्या थराचं रजिस्ट्रेशन (थरावर थर नेमका बसणं) संपलं. हीट-स्टॅबिलाइज्ड पीईटीत हेच 0.1 टक्क्यावर येतं. तरीही पहिला थर छापण्याआधी कोरी शीट नंतरच्या सर्वात जास्त तापमानापेक्षा पाच-दहा अंश वर, एक ते दोन तास, वजन न ठेवता भाजून घ्या. 180 अंशापर्यंत जायचं असेल तर पीईएन, त्यापुढे पॉलिइमाइड.

धुण्यात इथे सर्वात जास्त फसगत पाण्याने होते. आपलं बोअरचं पाणी बेसाल्टमधून येतं आणि जड असतं. त्याचा थेंब शीटवर वाळला की कॅल्शियमचं कडं राहतं, जे डोळ्यांना दिसतही नाही, पण शंभर नॅनोमीटरच्या थराला डोंगराएवढं असतं. घरगुती आरओच्या पाण्यातही क्षार उरतात. शेवटची धुणी डीआयोनाइज्ड पाण्यानेच हवी. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरायचं असेल तर आधी कंडक्टिव्हिटी मीटरने तपासा आणि एक थेंब काचेवर वाळवून बघा.

त्यानंतर प्लाझ्मा किंवा यूव्ही-ओझोन. शाई पसरण्यासाठी हे लागतं, पण परिणाम टिकत नाही. प्लॅस्टिकच्या साखळ्या फिरतात आणि पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकायला लागतो. सकाळी केलेली शीट दुपारपर्यंत छापा.

आम्ही लग्नपत्रिका आणि स्टिकर छापतो. चांदीची पेस्ट आमच्या फ्रेमवर छापता येईल का?

येईल, आणि तुमचा हात आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा नक्कीच बसलेला असतो. चार गोष्टी सांभाळा. तुमच्याकडे 120 नंबरची जाळी म्हणजे सेंटीमीटरला 120 धागे, इंचाला साधारण 305. पेस्टच्या डब्यावर बहुतेक वेळा इंचाचा आकडा असतो, गोंधळ करू नका. पेस्टमधले कण जाळीच्या छिद्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे नकोत. स्क्वीजी 70 ते 80 शोअरची, धार ताजी. शीट आणि फ्रेममधलं अंतर 1 ते 1.5 मिमी.

या कामाची फ्रेम वेगळी ठेवा. रॉकेल किंवा जुन्या थिनरने पुसलेल्या फ्रेमवर तेलाचा अंश राहतो आणि तो थेट सांध्यात जातो. पेस्ट ढवळायला स्वच्छ स्टीलची पट्टी घ्या, कारण चांदी तळाशी बसते. आणि उरलेली पेस्ट पुन्हा त्याच डब्यात टाकू नका.

एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्या: फ्लेकची (चपट्या कणांची) पेस्ट तारांसाठी आणि पॅडसाठी. तिचा पृष्ठभाग काही मायक्रॉन वरखाली असतो. त्यावर 100 नॅनोमीटरचा सेमीकंडक्टर टाकला तर टोकं आरपार येऊन शॉर्ट होतो. सेमीकंडक्टरखाली जाणारा भाग नॅनोकणांच्या शाईने किंवा पेडॉटने करा.

इंकजेटच्या रेषेच्या कडा जाड का येतात?

थेंबाची कड आधी वाळते, मधला द्रव तिकडे ओढला जातो आणि कण तिथे साचतात. शेताला बांध घालावा तशी कडेला भिंत उभी राहते. बांध 500 नॅनोमीटर उंच आणि वरचा सेमीकंडक्टर 50 नॅनोमीटर, तर तो बांधावर फाटतो. नेमका चार्ज शिरण्याच्या जागीच. शाईत 10 ते 20 टक्के उशिरा उकळणारं द्रावक मिसळा, शीटचं तापमान 40 अंशाच्या आत ठेवा, आणि थेंबांमधलं अंतर थोडं वाढवून बघा. साध्या प्रिंटहेडला 10 ते 12 सेंटिपॉइज घट्टपणा आणि 28 ते 33 मिलिन्यूटन प्रति मीटर पृष्ठताण मानवतो.

भाजताना लाइट गेली तर नमुना फेकायचा का?

लगेच नाही. नॅनोचांदीला 130 ते 150 अंशावर 30 मिनिटं लागतात. मधेच ओव्हन बंद पडलं तर कण अर्धवट जुळलेले असतात. पुन्हा पूर्ण वेळ भाजा आणि चार तारांच्या पद्धतीने रेषेचा रेझिस्टन्स मोजा. पुन्हा भाजल्यावरही तो घटत असेल तर अजून काम बाकी आहे, स्थिर झाला तर झालं. सेमीकंडक्टर वर असलेला नमुना मात्र दुसऱ्यांदा भाजू नका, तो बाजूला ठेवा आणि वहीत नोंद करा. लाइट परत येताना ओव्हनचा सेट पॉइंट तोच आहे का, हेही बघा. काही कंट्रोलर शून्यावर जातात.

एप्रिल-मेमध्ये आणि पावसाळ्यात निकाल वेगळे येतात. का?

एप्रिल-मेच्या दुपारी तापमान 40 च्या वर आणि सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असते. नोझलवर शाई वाळते, कोरडी पीईटी शीट रोलवरून सोडताना काही हजार व्होल्टचा स्टॅटिक चार्ज धरते, धूळ ओढते आणि हात लावताच पातळ इन्सुलेटर फोडते. आयनायझर फॅन आणि मनगटाचा अर्थिंग पट्टा घ्या. खोलीत कूलर लावण्याचा मोह सगळ्यांना होतो. आर्द्रता वाढते हे खरं, पण जड पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि त्यातले क्षार छपाईवर येऊन बसतात. कूलर लावायचाच तर दुसऱ्या खोलीत, झोत कधीही टेबलाकडे नको. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरमध्येही डीआयोनाइज्ड पाणीच घाला. 40 ते 55 टक्के आर्द्रता हे लक्ष्य ठेवा.

पावसाळ्यात धोका बदलतो. ओलावा आणि डीसी व्होल्टेज एकत्र आले की चांदी पॉझिटिव्ह तारेतून विरघळते, निगेटिव्हवर जमते आणि तिथून काळपट फांद्या फुटत समोरच्या तारेपर्यंत पोचतात. दोन तारांमध्ये 200 मायक्रॉन अंतर असेल आणि वर आवरण नसेल तर हे नक्की घडणार. उघड्या पॅडवर कार्बनची पेस्ट चढवा, तारांवर यूव्ही डायइलेक्ट्रिक छापा, आणि सेन्सर सतत चालू न ठेवता मोजण्यापुरताच चालू करा. पी3एचटी हवेतल्या ऑक्सिजन आणि ओलाव्याने डोप होतो, म्हणजे त्यात नको असलेले चार्ज वाढतात, म्हणून ऑफ करंट वाढलेला दिसेल. 80 ते 100 अंशावर व्हॅक्यूममध्ये किंवा नायट्रोजनमध्ये अर्धा तास ठेवल्यावर तो बराचसा उतरला, तर कारण हवेतला ऑक्सिजन आणि ओलावाच होतं.

वाकवल्यावर सांधा तुटतो. किती वाकवता येतं?

वरच्या पृष्ठभागावरचा ताण म्हणजे शीटची जाडी भागिले वाकवण्याच्या त्रिज्येची दुप्पट. 125 मायक्रॉनची शीट 10 मिमी त्रिज्येवर वाकवली तर 0.63 टक्के ताण. तीच 50 मायक्रॉनची घेतली तर 0.25 टक्के. आयटीओ 1 टक्क्याच्या पुढे तडकू लागतं. सर्वात सोपा उपाय म्हणजे वर तितक्याच जाडीची शीट लॅमिनेट करणं, मग सगळे थर मधोमध, जवळपास शून्य ताणावर येतात.

तडा बहुतेक वेळा रेषेच्या मध्यात जात नाही, दोन मटेरियल भेटतात त्या पायरीवर जातो. तिथे रुंदी एकदम बदलू नका, निमुळती करा. चिकटण्याची परीक्षा ब्लेड आणि टेपने: 1 मिमी अंतरावर अकरा उभे, अकरा आडवे काप, टेप दाबून बसवा, दीड मिनिटाच्या आसपास थांबा आणि मग 180 अंशात ओढा. चौकटी निघाल्या तर शीटची तयारी चुकली आहे, शाई नव्हे.

बाहेरची वायर कशी जोडायची? सोल्डर चालत नाही.

चालणारही नाही. सोल्डरच्या तापमानाला पीईटी सुरकुतते आणि छापील चांदी टिनमध्ये विरघळून जाते. झिफ कनेक्टर, म्हणजे शीटची शेपटी जोर न लावता आत सरकवून दाबून धरणारा कनेक्टर, सर्वात बरा. बहुतेकांना 0.3 मिमी जाडी लागते, म्हणून 125 मायक्रॉनच्या शेपटीखाली गोंदासकट सुमारे 175 मायक्रॉनचा आधार चिकटवा. पॅडवर कार्बन चढवा, नाहीतर कनेक्टरचे दात चांदी खरवडतात. वायरच हवी असेल तर दोन भागांचा चांदीचा इपॉक्सी, 80 अंशाच्या आसपास तासभर, आणि त्यावर साध्या इपॉक्सीचा थेंब. हा थेंब ताण सोसतो, चांदीचा इपॉक्सी फक्त वीज वाहतो. दोन्ही कामं एकावर टाकू नका.

काळ्या मातीत छापील सेन्सरची पट्टी पुरली, आठवड्यात रीडिंग बंद. सांधा की सेन्सर?

बहुधा सांधा. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. भेग पट्टीला दोन्ही बाजूंनी ओढते आणि सर्वात कडक जागा, म्हणजे इपॉक्सीचा जोड, आधी सुटते. पट्टी लांब करा आणि जोड जमिनीच्या वर, आडोशाला ठेवा. पुरताना पट्टी ताठ न ठेवता एक सैल वळण द्या. चारही कडांना तारांपासून निदान 5 मिमी मोकळी किनार सोडून सील करा. पाणी शीटमधून कमी आणि कडेच्या गोंदातून जास्त शिरतं.

नमुने साठवायचे कसे?

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, अंधारात, सिलिका जेलबरोबर. जेलचा रंग बदलला की 120 अंशावर दोन तास भाजून पुन्हा वापरा. शीटवर शीट थेट ठेवू नका, मधे धूळ न सोडणारा कागद घाला. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात लांबी बदलत जाणाऱ्या ट्रान्झिस्टरचा एक गट कायम ठेवा आणि दर सोमवारी मोजा. कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स वाढतोय आणि रेषेचा चढ तसाच आहे, तर सांधा बिघडतोय. चढ वाढतोय आणि छेद तसाच आहे, तर चॅनेल.